नकार नोंदवते

पहिल्या बोलीला जो हो म्हणतो त्याने बाजारात उभंच राहू नये, असं नकोबा म्हणायचा. त्याचं खरं नाव रेशनच्या कार्डावर आणि पोरीच्या फॉर्मवर तेवढं होतं. मेंढीबाजारात तीस वर्षं त्याला सगळे नकोबाच म्हणत आले. गिऱ्हाईक यायचं, मेंढीच्या पाठीवरून हात फिरवून भाव बोलायचं, की हा आभाळाकडे बघून म्हणणार, "नको." दुसऱ्या बोलीला, "नको हो." तिसऱ्या बोलीला मेंढीचा कान धरून तिला मागे ओढणार, जणू काही ती विकायला आणलीच नव्हती. गिऱ्हाईक चिडून चालायला लागायचं. दहा पावलं जायचं आणि परत यायचं. ज्याला गरज आहे तो परत येतोच, हे नकोबाचं शास्त्र. त्या शास्त्रावर त्याने घरावर पत्रे घातले, बहीण उजवली आणि पोरीची शाळा पुरी केली. शास्त्र खोटं कसं म्हणायचं?

त्या साली पावसाने पाठ फिरवली. तलावाच्या तळाला भेगा पडल्या. ज्यांनी उभ्या जन्मात मेंढी विकली नव्हती तेसुद्धा कळपच्या कळप हाकत बाजारात यायला लागले. गाभण मेंढी विकणं ही लाजेची गोष्ट, पण चाराच नसेल तर लाज काय चाटायची? बाजारात मेंढ्या उदंड आणि घेणारे चार. अशा दिवसांत 'नको' म्हणायला छाती लागते. ती नकोबाकडे होती.

घरात माणसं तीन. तो, त्याची बायको आणि एकुलती एक पोरगी. पोरीला गाव डॉक्टरीण म्हणायचं, आणि ते काही नुसतं चिडवणं नव्हतं. बारा वर्षांची असताना तिने अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालून आडवं आलेलं कोकरू सरळ करून काढलं होतं. हात बारीक, बोटं लांब आणि डोकं थंड. तेव्हापासून लांबलांबून माणसं दारात येऊन उभी राहायची, "डॉक्टरीण आहे का हो?" म्हणून. ही हातातलं पुस्तक पालथं घालून निघायची.

तिला खरीखुरी डॉक्टर व्हायचं होतं, जनावरांची. ते शिकवणारं सरकारी विद्यापीठ एका रात्रीच्या प्रवासावर. जागा साठ आणि फॉर्म भरणारे हजारो. परीक्षेला दोनदाच बसता येतं, तिसऱ्यांदा दार बंद. पहिल्या वेळी ती लांबच राहिली. दुसऱ्या वेळी वर्षभर कोकरांना बाटलीने पाजत पाजत अभ्यास केला. निकाल लागला तेव्हा साठांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. खाली दुसरी यादी होती, प्रतीक्षा यादी, आणि तिच्यात पहिलंच नाव तिचं. साठाव्या नंबरच्या मुलाला तिच्यापेक्षा अर्धा गुण जास्त होता.

"साठातलं एक जरी गळालं तरी ही आत," शाळेतल्या बाई मुद्दाम घरी येऊन सांगून गेल्या. "रोज साइटवर बघत जा गं. फक्त एक आहे, वसतिगृहाच्या खोल्या पहिल्या यादीतच संपतात. मागून येणाऱ्यांनी आपली सोय आपण बघायची."

बाईंची पाठ वळली तशी बायको म्हणाली, "मग पोर राहील कुठे? रस्त्यावर?"

"खोलीचं माझ्याकडे लागलं," नकोबा म्हणाला. "वेळ येऊ दे, मी बोलतो."

"तुम्ही बोलणार म्हणजे झालंच."

"झालंच म्हणजे काय?"

"झालंच म्हणजे झालंच," असं म्हणून तिने चुलीत लाकूड सारलं. पोरगी हसली. तेव्हा त्या घरात हसू होतं.

जागा रिकामी झाली की विद्यापीठातून फोन येतो, ही गोष्ट मात्र बाईंनाही ठाऊक नव्हती. घरात फोन एकच. सहा दिवस तो पोरीच्या हातात असायचा आणि बाजाराच्या दिवशी नकोबाच्या खिशात.

त्या बाजारी ऊन अगदी डोक्यावर आलं होतं. नकोबासमोर खाटीक उभा होता आणि सात मेंढ्यांचा सौदा रंगात आला होता. खाटकाची दुसरी बोली झालेली, नकोबाचं दुसरं 'नको' झालेलं. तेवढ्यात फोन वाजला.

बाईमाणसाचा आवाज होता, घाईतला. तिने पोरीचं नाव घेतलं, मधे नकोबाचं, शेवटी आडनाव. "यांचे वडील का तुम्ही?"

"हो, बोला."

"विद्यापीठातून बोलतेय, प्रवेश विभाग. एक जागा रिकामी झाली आहे. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव तुमच्या मुलीचं आहे. घेणार का?"

नकोबाच्या छातीत धाडधाड व्हायला लागलं. चेहऱ्यावरची सुरकुती मात्र हलली नाही, तीस वर्षांची सवय होती ती. समोर खाटीक त्याचं तोंड वाचत उभा होता. नकोबाला वाटलं, फोन त्यांनी केला, आपण नाही केला. म्हणजे गरज त्यांना आहे. खोलीचं बोलायचं तर आत्ताच, एकदा हो म्हटल्यावर मागून कोण विचारतंय?

"राहायला खोली देणार का?" त्याने विचारलं.

"खोलीचं आमच्याकडे नसतं. प्रवेश घेणार की नाही, तेवढं सांगा."

"खोली नाही तर मग नको."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "नको?"

नकोबाने आभाळाकडे बघितलं. "नको हो."

"बरं. नकार नोंदवते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" खाटकाने विचारलं.

"होतं एक गिऱ्हाईक."

"मग? गेलं?"

"येतंय परत. जातंय कुठे?"

खाटीक तोंड वाकडं करून चालायला लागला. दहा पावलं गेला, थांबला, परत आला आणि भाव वाढवून सातही मेंढ्या घेऊन गेला. नकोबा मनात म्हणाला, बघा. फोन त्याने खिशात टाकलाच नाही, हातातच धरून बसला. हाताला घाम आला की हात बदलायचा. बाजार पांगला, टेम्पो भरून गेले, झाडूवाले लेंड्या लोटायला लागले. फोन वाजला नाही. शेवटी त्यानेच लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तेव्हा कचेरी बंद झाल्याचं कुणीतरी ठरावीक आवाजात सांगितलं.

घराच्या वळणावर येऊन त्याने तो नंबर फोनमधून पुसला. का पुसला, हे त्याला धड सांगता आलं नसतं. उसने मागणाऱ्या मेव्हण्याचे फोन बायकोला दिसू नयेत म्हणून तो हे पुसणं शिकला होता. उद्या विद्यापीठातली बाई परत फोन करेल, फोन पोरीच्या हातात असेल, ती हो म्हणेल, आणि हे सगळं मिटेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

पोरगी कुंपणापाशीच उभी होती. "आबा, फोन आले होते का कुणाचे?"

"आले चार. सगळे गिऱ्हाइकांचे."

"बाकी कुणाचा?"

"बाकी कुणाचा येणार?" तो एवढ्या जोरात ओरडला की बायको बाहेर आली.

पुढचे तीन दिवस फोन वाजला की नकोबाच्या हातातलं काम थांबायचं. एकदा खाटकाचा होता, एकदा शाळेतल्या बाईंचा, दोनदा कुणीतरी चुकून लावलेला. पोरगी उंबऱ्यावर बसून सकाळ-संध्याकाळ यादी उघडायची. नाव तिथेच, नंबर एक; साइटवरची यादी कुणी बदलतच नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी तो पाण्याची डोणी घासत होता, तेव्हा ती येऊन त्याच्याजवळ उकिडवी बसली.

"प्रवेश पूर्ण झाले, प्रतीक्षा यादी रद्द, असं लिहिलंय," ती म्हणाली. मग डोणीकडे बघत म्हणाली, "कुणी गळालंच नाही, आबा. साठच्या साठ राहिले."

नकोबा डोणी घासत राहिला. घासून स्वच्छ झालेली जागा त्याने पुन्हा घासली. आत्ता सांगावं, आत्ता, असं त्याच्या मनात येत होतं. "जाऊ दे," एवढंच तो म्हणाला. "जाऊ दे, पोरी."

ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. आत जाऊन तिने परीक्षेचा पेपर काढला, छापील, चुरगळून मऊ झालेला, आणि पहिल्या प्रश्नापासून सोडवायला बसली.

"आता कशाला तो?" आईने विचारलं.

"अर्धा गुण कुठे गेला ते बघते."

हे असं सुरू झालं. सकाळी पेपर, दुपारी पेपर. शंभर प्रश्न ती पुन्हा पुन्हा सोडवायची, पुस्तक काढून ताडून बघायची आणि समासात खुणा करायची. आई पहिले दोन दिवस ओरडली, मग गप्प बसली. पोरीचं जेवण निम्म्यावर आलं. शाळेतल्या बाई दोनदा येऊन गेल्या, दुसऱ्या अभ्यासक्रमांचे कागद ठेवून गेल्या. पोरीने त्यांना "हो बाई, बघते" म्हटलं आणि कागद फळीवर ठेवून दिले. ती अर्धा गुण पेपरात शोधत होती आणि तो तिच्या बापाच्या तोंडातून गेला होता. हे घरात एकालाच ठाऊक. त्याला घास गिळताना ती समोर दिसायची, बोट ओळीवर ठेवून ओठ हलवत बसलेली, आणि तो ताट बाजूला सारायचा.

फोनवरच्या त्या बाईचं 'बरं' त्याला ऐकू यायला लागलं. मेंढ्या हाकताना, अंगावर पाणी घेताना, डोळा लागता लागता. किती साधा शब्द, दिवसातून माणूस शंभरदा म्हणतो. बायको चुलीपाशी काहीतरी सांगायची आणि शेवटी "बरं" म्हणायची, की हा दचकायचा.

"तुम्हाला झालंय तरी काय?" ती म्हणाली. "अंगात वारं शिरल्यासारखे का करताय?"

"ऊन लागलंय."

"ऊन काय आज पडायला लागलंय?"

बाजारात तर भलतीच तऱ्हा झाली. गिऱ्हाईक आलं, भाव बोललं, आणि नकोबाच्या तोंडून नको निघेना. ओठ उघडले, मिटले. गिऱ्हाईक वाट बघत उभं. शेवटी नकोबा म्हणाला, "घ्या." पहिल्या बोलीला. गिऱ्हाइकानेच घाबरून मेंढीचे दात पुन्हा तपासले, म्हणाला, "हिला काही रोगबिग नाही ना?" सगळा बाजार खो खो हसला. "नकोबा हो म्हणाला रे! आता पाऊस नक्की!" कुणीतरी शिट्टी मारली. खाटीक तेवढा हसला नाही. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "घरी सगळं ठीक ना?" त्या हसण्यापेक्षा हे विचारणं नकोबाला जास्त झोंबलं.

त्याच आठवड्यात तो लांबच्या बाजाराला जातो असं सांगून निघाला आणि रात्रीच्या गाडीने विद्यापीठाच्या शहरात उतरला. लांबच्या लांब इमारत, लांबच्या लांब व्हरांडा, आणि व्हरांड्यात खिडक्याच खिडक्या. प्रत्येक खिडकीपुढे रांग. रांगेत सगळे बापच होते, कुणाच्या हातात फाइल, कुणाच्या हातात पिशवी. नकोबाच्या अंगाला मेंढ्यांचा वास येत होता. पुढचा माणूस अर्धं पाऊल सरकून उभा राहिला. दुपारी त्याचा नंबर आला. खिडकीआड चष्म्याला दोरी लावलेली बाई होती. ती "बोला" म्हणाली आणि त्याने आवाज ओळखला.

त्याने पोरीचं नाव सांगितलं. बाईने वही उलटली, बोट ठेवलं. "फोन केला होता की. नकार आहे."

"तो मीच दिला."

"मग?"

"ते नको म्हणजे नको नव्हतं, बाई. आमच्यात असंच बोलतात. नको म्हटलं की समोरच्याने पुढे बोलायचं असतं."

बाईने चष्मा काढला. ती काही वाईट बाई नव्हती. "काका, त्या दिवशी मी सगळ्या अभ्यासक्रमांचे मिळून एकतीस फोन केले. तुम्हाला मी दोनदा विचारलं आणि दोनदा तुम्ही नको म्हणालात. तुमच्या मनातलं मला कसं कळणार?"

"चूक माझी, पोरीची नाही. काहीतरी करा. खोली नको, काही नको."

"त्या जागेवर दुसरी मुलगी आली. रोज वर्गात बसतेय. तिला उठवू का?"

नकोबाने खिडकीच्या कठड्यावरचा हात काढला. तेव्हा त्याने त्याला येत होतं ते केलं. तो वळला आणि चालायला लागला, हळूहळू, एकेक पाऊल मोजून. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं आणि लाजही वाटत होती, पण पाय ऐकेनात. पाच पावलं, सात पावलं. मागून हाक येईल, अहो काका, थांबा जरा. दहाव्या पावलाला तो थांबला. मागून बाईचा आवाज आला, "पुढचे."

व्हरांड्याच्या टोकाला जाळीतून मागचं आवार दिसत होतं. पांढरे कोट घातलेली दहाबारा पोरं एका मेंढीभोवती उभी होती आणि एक मुलगी मेंढीला लोकर ओढून धरायला बघत होती. लोकर ओढली की मेंढी बुजते, तिला हनुवटीखाली धरायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पोरीच्या जागेवर आलेली ती हीच का, की दुसरी कुणी, हे कळायला काही मार्ग नव्हता. नकोबा गाडीची वेळ होईपर्यंत तिथे उभा राहिला.

तो घरी आला तेव्हा पोरगी पेपर घेऊन बसलेलीच होती. पण आता तिने मेंढ्यांकडे जाणंही सोडलं होतं. कोकरांना आईच पाजत होती. शेजारच्या वाडीवरून अडलेल्या शेळीसाठी माणूस बोलवायला आला, तर ही म्हणाली, "मला येत नाही, दुसरं कुणी बघा." तो माणूस चेष्टा समजून हसला. मग तिचं तोंड बघून निघून गेला.

तिसऱ्या आठवड्यात काळतोंडी मेंढी अडली. पहाटे पाणमोट फुटली होती आणि दुपार झाली तरी काही नाही. पत्र्याच्या सावलीत ती आडवी पडून टाचा घासत होती. ओरडणंही संपलं होतं, नुसती कण्हत होती. बायकोची बोटं सांधेदुखीने वाकडी झालेली. नकोबाने हाताला तेल लावून बघितलं, पण त्याचा पंजा म्हणजे फावडं, मनगटापुढे आत जाईना. दोन पुढचे पाय बोटांना लागत होते, डोकं कुठेच लागत नव्हतं. जनावरांच्या दवाखान्यात फोन केला तर डॉक्टर दौऱ्यावर.

"पोरी!" त्याने हाक मारली. "ये गं लवकर."

पोरगी उंबऱ्यावर होती. उठली नाही. "मला येत नाही, आबा."

"अगं काय येत नाही? मान मागे वळलीय कोकराची. शंभरदा केलंयस तू."

"चोविसावा प्रश्न," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "सापडला मला. गाभण मेंढीचाच होता. पुस्तकात उत्तर वेगळं आहे. मी इतकी वर्षं नुसत्या अंदाजाने हात घालत होते. माझ्या हाताने किती मेल्या असतील, कुणी मोजल्यात?"

"एकही नाही मेली!" आई ओरडली. "ही मात्र मरतेय बघ डोळ्यादेखत!"

"मरू दे. माझ्या हाताने नको."

मेंढीने डोळे पांढरे केले. नकोबा गुडघ्यांवर बसला होता, कोपरापर्यंत रक्त आणि तेल. त्याने पोरीकडे बघितलं. तिच्या गालाची हाडं वर आली होती, डोळे आत गेले होते. ही कोण, असं क्षणभर वाटावं अशी ती दिसत होती. त्याला कळलं की आपण गप्प राहिलो तर ही अशीच त्या उंबऱ्यावर बसून राहील, उद्याही आणि पुढल्या वर्षीही.

"जागा आली होती," तो म्हणाला.

पोरीने पेपरावरून मान वर केली.

"फोन आला होता, बाजारात. एक गळालं होतं. तुझं नाव पहिलं म्हणून तुला विचारलं त्यांनी. मी खोली मागितली. ते म्हणाले खोली नाही. मी नको म्हटलं. मला वाटलं परत फोन करतील. नाही केला." त्याचा श्वास लागला होता. "तुझा काही चुकलेला नाही गं चोविसावा. चुकला असेल तरी त्याने काही झालं नाही. मी घालवलं. मी."

बायकोने मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं होतं, ते तसंच राहिलं. ती नवऱ्याकडे बघत होती. "तुम्ही," एवढंच ती म्हणाली, "तुम्ही हो..." आणि तिने पदर तोंडात कोंबला.

पोरगी उठली. नकोबाला वाटलं, ही आता आत जाईल आणि दार लावेल, किंवा निघूनच जाईल कुठेतरी. ती डोणीपाशी गेली. बाह्या वर सारून साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नखं धुतली, तेल घेतलं. मग येऊन मेंढीच्या मागे जमिनीवर कुशीवर आडवी झाली.

"मागचा पाय धरा वर," ती म्हणाली.

नकोबाने पाय धरला. तिचा हात आत गेला, मनगट गेलं, आणखी आत. ती डोळे मिटून होती. गाल मातीला टेकला होता.

"काय म्हणाली ती?" तिने विचारलं.

"कोण?"

"फोनवर. बाई होती ना? काय म्हणाली?"

"आत्ता कशाला..."

"सांगा."

नकोबाने सांगितलं. "आधी तुझं नाव घेतलं."

"पूर्ण?"

"पूर्ण. तुझं, मग माझं, मग आडनाव. म्हणाली, यांचे वडील का तुम्ही? मी म्हटलं, हो. म्हणाली, विद्यापीठातून बोलतेय."

"कोकरू मागे ढकलायला लागेल. घट्ट धरा." तिने खांदा रेटला. मेंढीने एक लांब हुंकार दिला. "मग?"

"म्हणाली, एक जागा रिकामी झाली आहे. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव तुमच्या मुलीचं आहे."

"तुमच्या मुलीचं म्हणाली?"

"हो."

"आवाज कसा होता? खेकसली?"

"नाही गं. घाई होती तिला, पण चांगलं बोलली."

पोरीच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि नाकावरून मातीत गेलं. हात मात्र थांबला नव्हता. "मान सापडली," ती म्हणाली. "जबडा धरलाय. आता कळ आली की मी ओढणार, आई, तू डोकं सोडू नकोस." कळ आली. ती दात खाऊन मागे सरकली, आणि आधी दोन खूर, मग नाक, मग सगळं कोकरू एकदम तिच्या मांडीवर आलं. तिने त्याच्या नाकातला चिकटा काढला, तोंडात बोट घातलं, गवताने छाती चोळली, मागचे पाय धरून झुलवलं. बराच वेळ झुलवलं. मग खाली ठेवलं.

"हे सकाळीच गेलं होतं," ती म्हणाली. "मेंढी जगेल."

मेंढीने मान उचलली. बायकोने तिच्यापुढे पाण्याचं भांडं धरलं, तशी तिने दोन घोट घेतले. नकोबाने मेलेलं कोकरू गोणपाटात गुंडाळून बाजूला केलं आणि परत येऊन उभा राहिला. बसावं की जावं, त्याला कळेना. बायकोने त्याच्याकडे पाठ केली होती. "मला मार हवं तर," तो पोरीला म्हणाला. "काहीतरी बोल. शिव्या दे."

पोरगी मेंढीला टेकून बसली होती. हात कोपरापर्यंत लाल, कुशीला मातीचा थर. तिने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात माफी नव्हती. ती पुढे कधी येईल की नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"फोनचं. पहिल्यापासून. ती जशी बोलली तसंच सांगा, मधलं काही गाळू नका."

नकोबा तिच्यासमोर मातीत बसला. त्याने घसा साफ केला. पोरीचं नाव घेतलं, मधे स्वतःचं, शेवटी आडनाव. यांचे वडील का तुम्ही? विद्यापीठातून बोलतेय, प्रवेश विभाग. एक जागा रिकामी झाली आहे. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव तुमच्या मुलीचं आहे.

"घेणार का?" तो म्हणाला.

"हो," पोरगी म्हणाली, आणि मेंढीच्या अंगावरच्या माश्या हाकायला लागली.